गाडीच्या काचांवर गडद फिल्म लावल्यास विम्याचा दावा अडतो का?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. आमची गाडी बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत दिवसभर उन्हात उभी असते. वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाल्यामुळे बाजूच्या काचेतून येणारा प्रखर उजेड त्यांना सहन होत नाही. म्हणून काचांवर गडद फिल्म लावून घ्यावी असा विचार आहे. शहरातल्या एका ॲक्सेसरीज दुकानात विचारले, तर तिथे "पन्नास टक्क्यांची फिल्म कायद्यात बसते" असे ठामपणे सांगण्यात आले. विम्याचे नूतनीकरण पुढच्याच महिन्यात आहे. एजंटांच्या मते फिल्मचा आणि विम्याचा काहीही संबंध नाही, तर एक मित्र म्हणतो की फिल्म दिसली की कंपनी दावा सरसकट नाकारते. यांतले खरे काय, फिल्म लावली तर कंपनीला कळवावे लागते का, आणि आपले कोल्हापूर व गोव्याला नेहमी जाणे-येणे असल्यामुळे तिकडचा नियम वेगळा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीकर

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आपल्या भागात हा गैरसमज फार आहे. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला किंवा गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट उतरला म्हणून काचेचा नियम बदलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 देशभर एकच आहे. पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोयंका खटल्यात काचांवर कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरे कोणतेही साहित्य लावण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी 4 मेपासून ती लागू झाली. पोलिसांनी दंड तर करावाच, पण फिल्मही काढून टाकावी, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. दुकानदाराचे "पन्नास टक्के चालते" हे वाक्य त्या निकालाला धरून नाही.

काचकाम_उद्यमबाग

मी याच व्यवसायात आहे, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. निपाणीकरांनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत, पण ते फिल्मला नव्हे, तर काच आणि फिल्म मिळून जे काही तयार होते त्याला लागू होतात, हे बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते. कंपनीतून येणारी हिरवट काच मुळातच सगळा उजेड आत सोडत नाही. समजा तुमच्या काचेतून 75 टक्के उजेड येतो आणि त्यावर तुम्ही "सत्तर टक्क्यांची" फिल्म लावली, तर 75 चे 70 टक्के म्हणजे साडेबावन्न टक्केच उजेड आत येतो. बाजूच्या काचेला तो आकडा जेमतेम पुरतो, पण पुढच्या किंवा मागच्या काचेला मुळीच पुरत नाही. त्याच काचेवर "पन्नास टक्क्यांची" फिल्म लावली, तर साडेसदतीसच उरतात आणि बाजूच्या काचेवरही नियम मोडतो. दुकानदार फिल्मच्या खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतात, पोलीस मात्र मीटर काचेलाच लावतात.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम मूळ काच मीटरने मोजून दाखवतो. त्यानंतर निम्मे लोक विचार बदलतात आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

अथणीकर

आपले बेळगाव उंचावर असल्यामुळे तिथला उन्हाळा सौम्य असतो. आमच्या अथणी-रायबाग भागात एप्रिल महिन्यात दुपारी गाडीचे दार उघडले की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, त्यामुळे लोकांना फिल्म का हवी असते हे मला चांगलेच कळते. काचकामवाले साहेब, फिल्म गडद असली म्हणजे उष्णता कमी होते हे खरे आहे का?

काचकाम_उद्यमबाग

अथणीकर, गडदपणा आणि उष्णता यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतला साधारण निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. स्वस्त रंगीत फिल्म उजेड शोषून घेते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आतच सोडते. त्यामुळे गाडी आतून काळोखी दिसते, पण हवी तेवढी थंड राहत नाही. सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवते. अतिनील किरणांचे म्हणाल, तर पुढची काच दोन थरांची असते आणि त्या थरांमधला प्लॅस्टिकचा पडदा ते बहुतांशी अडवतोच. बाजूच्या काचा एकथरी असल्यामुळे तिथे हे संरक्षण कमी असते. शहापूरकरांच्या वडिलांची अडचण उजेडाची आहे, उष्णतेची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेला गडद चष्मा काचेवरच्या फिल्मपेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

खडेबाजार_विमा

गेली बरीच वर्षे मी विम्याचे काम करतो. "संबंध नाही" आणि "सरसकट नाकारतात" ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीच्या पॅकेज पॉलिसीत दोन वेगळे करार एकत्र बांधलेले असतात. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देण्याचा तृतीय पक्षाचा करार कायद्याने सक्तीचा आहे. त्यात कंपनीला हात झटकण्याची कारणे मोटार वाहन कायद्यातच मोजून दिली आहेत. परवाना नसणे, मद्यपान करून गाडी चालवणे, महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेणे अशी ती कारणे आहेत आणि काचेवरची फिल्म त्या यादीत नाही. त्यामुळे फिल्म लावलेल्या गाडीने कोणाला धडक दिली, तर जखमी माणसाची भरपाई फिल्मच्या कारणावरून बुडत नाही.

दुसरा करार आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असतो आणि वाद इथे निर्माण होतो. पॉलिसीच्या अटींत गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी व तिचे नुकसान टाळण्यासाठी मालकाने योग्य ती सर्व काळजी घ्यावी, असे कलम असते. अपघात रात्रीचा किंवा पावसातला असेल आणि काचा नियमाबाहेर गडद असतील, तर "चालकाला बाजूचे दिसत नव्हते आणि त्याला मालकाने लावलेली फिल्म कारणीभूत आहे" असे म्हणायला कंपनीला वाव मिळतो. उलट गाडी उभी असताना झाड पडले, पुरात बुडाली किंवा चोरीला गेली, तर फिल्मचा त्या नुकसानीशी काहीच संबंध जोडता येत नाही.

तिसरी गोष्ट खर्चाची आहे. काच फुटली तर विमा काचेचे पैसे देतो आणि काचेच्या भागांवर घसाराही कापला जात नाही, पण वर लावलेल्या फिल्मचे पैसे मिळत नाहीत, कारण ती कंपनीच्या मूळ गाडीचा भाग नसते. एखादी ॲक्सेसरी आधी जाहीर करून आणि तिच्या किमतीवर जादा हप्ता भरूनच विम्यात घेता येते. नियमाबाहेरची फिल्म मात्र कोणती कंपनी जाहीर करून घेईल असे मला वाटत नाही. शिवाय एका काचेसाठी दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. हा बोनस वर्षागणिक वाढत 50 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यात 1000 रुपये आणि त्यावरील गाडीला 2000 रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. म्हणून बाजूची एखादी काच फुटली तर बोनस वाचवण्यासाठी ती स्वखर्चाने बसवून घ्यावी, असे मी माझ्या ग्राहकांना सांगतो.

खानापूरवाली

सर्वांचे म्हणणे वाचले, पण एका बाजूचा विचार कोणीच केलेला नाही. मी नोकरीसाठी खानापूरहून बेळगावला रोज एकटी गाडी चालवत येते. संध्याकाळी सिग्नलला थांबले की शेजारच्या गाडीतले लोक काचेतून टक लावून पाहतात, कोणी मोबाइल वर धरतो. मागच्या सीटवर ठेवलेली पर्स बाहेरून सहज दिसते. माझ्यासाठी गडद काच ही हौस नाही, गरज आहे. "कायदा आहे" एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही. बायकांच्या सुरक्षिततेचा विचार करूनच काळ्या काचांवर बंदी आणली असे म्हणतात, पण गाडीत एकट्या बसलेल्या बाईला काय वाटते हेही कोणी विचारायला हवे होते.

सीमाभाग_वकील

खानापूरवाली ताई, तुमचे म्हणणे रास्त आहे. खाजगीपणाचा मुद्दा न्यायालयापुढेही मांडला गेला होता. न्यायालयाचा विचार असा होता की बंद गाडीत आत काय चालले आहे हे बाहेरून दिसले पाहिजे, कारण काळ्या काचांच्या आड गंभीर गुन्हे घडतात. त्यातून सूट मिळू शकते ती झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्यांना, आणि तीही पोलीस महासंचालक व गृहसचिव यांच्या समितीने ठरवल्यास. सामान्य नागरिकाला अशी सूट नाही.

या विषयात पुढे एक महत्त्वाची घडामोड झाली, ती सांगतो. नियम 100 मध्ये दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 2021 पासून काचेऐवजी "सुरक्षा ग्लेझिंग" हा व्यापक शब्द आला आणि ज्या भारतीय मानकाचा त्यात आधार घेतला आहे, त्यात आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काचही येते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये असा निर्णय दिला की 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळली जात असेल, तर फिल्म लावल्याबद्दल वाहनमालकाला दंड करता येत नाही. 2012 चा निकाल जुन्या नियमावर आधारलेला होता, हा त्यामागचा युक्तिवाद आहे.

मात्र केरळचा निर्णय कर्नाटकातल्या किंवा महाराष्ट्रातल्या पोलिसांवर बंधनकारक नाही. आपण तो दाखवू शकतो, पण नाक्यावरचा हवालदार 2012 चाच निकाल पुढे करील आणि त्याचे चूक आहे असे म्हणता येणार नाही. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली होतो. त्याची मर्यादा पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1500 रुपये आहे. रक्कम लहान असली तरी फिल्म तिथल्या तिथे ओरबाडून काढली जाते आणि तुमचे खरे नुकसान ते असते.

निपाणीकर

वकीलसाहेब, मग त्याच कायद्याच्या कलम 52 चे काय? कंपनीने दिलेल्या गाडीत बदल करायला बंदी आहे, असे ते कलम सांगते. विमा कंपनी त्याचा आधार घेऊ शकणार नाही का?

सीमाभाग_वकील

घेऊ शकते, पण तो आधार कच्चा आहे. कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल अशा बदलांबद्दल आहे. इंधनाचा प्रकार बदलणे हे त्याचे सरळ उदाहरण होय. काचेचा गडदपणा आरसी पुस्तकात लिहिलेला नसतो. फिल्मविरुद्ध खरा आधार नियम 100 चाच आहे.

निवृत्त_सर्व्हेअर

या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होतो, पण खडेबाजारच्या मित्राने जिथे थांबवले तिथून पुढचे लोकांना कळले पाहिजे. मी आयुष्यभर अपघातग्रस्त गाड्या पाहून अहवाल लिहिले.

सर्व्हेअर दावा मंजूरही करत नाही आणि नाकारतही नाही. तो कारण आणि रक्कम लिहितो. गाडीचे फोटो चारही बाजूंनी घेतले जातात, त्यामुळे फिल्म असेल तर ती फोटोत येतेच आणि बहुतेक अहवालांत तिचा उल्लेखही होतो. उल्लेख झाला म्हणून दावा बुडाला असे मात्र होत नाही. खरा प्रश्न असतो कारणाचा. मागून ट्रकने धडक दिली असेल, तर पुढच्या गाडीच्या बाजूच्या काचा किती काळ्या होत्या याने काहीच फरक पडत नाही. पण पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे, धुके उतरलेले असताना, वळणावर आतल्या बाजूने येणारी दुचाकी दिसली नाही आणि गाडी दरीच्या कठड्याला जाऊन भिडली, तर त्या काचांविषयी मी अहवालात लिहीन आणि लिहिलेच पाहिजे. रात्री आणि पावसात गडद काचेतून बाजूचा आरसाही नीट दिसत नाही. आपल्या भागातल्या घाटांत वर्षातले चार महिने हीच परिस्थिती असते.

अट मोडली गेली तरी दावा शून्यावर आणता येतोच असे नाही, हेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल यांच्या चोरीच्या प्रकरणात 2008 मध्ये आणि अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात 2010 मध्ये, खाजगी गाडी भाड्याने वापरून अट मोडलेली असतानाही, दाव्याच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला. म्हणून कंपनीने फिल्मचे कारण देऊन पूर्ण दावा नाकारला, तर ग्राहकाने ते निमूटपणे मान्य करण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. बाजूची काच फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन खाली पडतात आणि अडकलेल्या माणसाला बाहेर काढता येते. जाड फिल्म त्या तुकड्यांना धरून ठेवते. गाडी ओढ्यात गेली किंवा दारे दबली, तर हाच गुण जिवावर बेततो. खानापूरवाली ताईंनी विमा बाजूला ठेवून याचाही विचार करावा.

चंदगडकर

सर्व्हेअर साहेबांच्या म्हणण्याला दुजोरा देणारा आमच्या घरातला अनुभव आहे. माझ्या चुलत्यांच्या गाडीला शिनोळीजवळ रात्री बाजूने धडक बसली. गाडी आमच्याकडची, एमएच 09, पण पॉलिसी बेळगावच्या शाखेतून घेतलेली. काचांवर फिल्म होती. कंपनीचे नाव घेत नाही, पण तिने पहिल्या पत्रात "वाहनात बेकायदेशीर बदल" असे कारण लिहून दावा नाकारला. चुलत्यांनी लेखी विचारले की धडक बाजूने आलेल्या वाहनाची आहे, पंचनाम्यात त्याच चालकाचा दोष नोंदला आहे, मग आमच्या काचेचा अपघाताशी संबंध कोणता, तो कळवावा. त्याला नीट उत्तर आले नाही. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करणार असे कळवल्यावर दावा पुन्हा तपासला गेला आणि फिल्मचे पैसे वगळून बाकी रक्कम मिळाली.

खडेबाजार_विमा

चंदगडकर, तुमच्या काकांनी योग्य मार्ग निवडला. सीमाभागातल्या लोकांनी यातली एक सोय लक्षात ठेवावी. विमा लोकपालाकडे तक्रार करताना कंपनीची शाखा जिथे आहे किंवा तक्रारदार जिथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या लोकपालाकडे जाता येते. बेळगाव शाखेसाठी बेंगळुरूचे कार्यालय आहे आणि चंदगडच्या रहिवाशाला पुण्याचेही कार्यालय खुले आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुढे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

खानापूरवाली

घाटातल्या धुक्याचा आणि काच फोडून बाहेर पडण्याचा मुद्दा मला पटला. गरज खरी आहे, हे माझे मत मात्र कायम आहे. काचकामवाले दादा, पुढच्या दोन काचा तशाच ठेवून मागच्या दारांच्या काचांपुरता काही उपाय आहे का?

काचकाम_उद्यमबाग

ताई, नियमात बाजूच्या काचांत पुढच्या-मागच्या असा फरक नाही, सर्वांना 50 टक्केच लागू आहेत. काढता-घालता येणाऱ्या जाळीच्या पडद्यांबाबत पोलिसांत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी दुर्लक्ष होते, काही ठिकाणी दंड होतो. गाडी उभी असताना ते लावावेत आणि चालवताना काढावेत, हे निर्धोक. पर्ससाठी मागच्या डिकीला झाकण बसवून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शहापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना डॉक्टरांकडून गडद चष्मा लिहून घेतला आहे आणि गल्लीत गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावू लागलो आहोत. गडद फिल्मचा विचार सोडून दिला आहे. आता एकच शंका उरली. ही गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे मागच्या काचेवर आधीच्या मालकाने लावलेली फिकट फिल्म आहे, हे मला काल मीटरने मोजल्यावर समजले. आकडा 70 च्या खाली आला. नूतनीकरणाआधी ती काढावी का, आणि कंपनीला कळवावे का?

खडेबाजार_विमा

काढावी. पॉलिसी वेळेत नूतनीकरण केली तर सहसा गाडीची तपासणी होत नाही, पण खंड पडला तर कंपनीचा माणूस येऊन फोटो घेतो आणि फिल्म नोंदली जाते. तपासणीत फिल्म पाहूनही कंपनीने पॉलिसी दिली, तर पुढे वादात "तुम्हाला माहीत होते" असे म्हणता येते, पण त्यामुळे नियमाबाहेरची फिल्म कायदेशीर होत नाही. प्रस्तावाच्या अर्जात बदलांविषयी प्रश्न असेल तर खरे उत्तर लिहावे. फिल्म काढून टाकली की लिहिण्यासारखे काही उरतच नाही.

काचकाम_उद्यमबाग

मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या तांबूस आडव्या रेषा असतील, तर फिल्म घरी नखाने किंवा ब्लेडने मुळीच ओढू नका. फिल्मबरोबर त्या रेषा निघून येतात, हीटर बंद पडतो आणि संपूर्ण काच बदलावी लागते. हे नुकसान अपघाताने झालेले नसल्यामुळे विमाही त्याचे पैसे देत नाही. फिल्मवर वाफ मारून गोंद मऊ करावा, रेषांच्या दिशेने सावकाश सोलावी आणि उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने व मऊ कापडाने पुसावा. काम झाल्यावर दुकानातून मीटरचा आकडा लिहिलेली पावती घेऊन पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवा.